अण्णाच्या भाषणातली आई

१० फेब्रु., मंगळ.
दिवसभर पुढाऱ्यांची भाषणं. वाक्य ऐकायचं, बोलण्यातली युक्ती ओळखायची, खूण करायची. 'काय दिलं त्यांनी? सांगा, काय दिलं?' उत्तर नको असलेला प्रश्न, शिवाय पुनरुक्ती. कॉम्प्युटरला हे शिकवायचं म्हणून आम्हाला पगार. घरी येताना बेंगळुरातल्या मारतहळ्ळीच्या सिग्नलला अडकले. डोकं जड.

१२, गुरु.
वहिनीनं घरच्या ग्रुपवर अण्णाच्या सभेचा व्हिडिओ टाकला. अण्णा, माझा थोरला भाऊ, निपाणीकडं पंचायतीला उभा आहे. चहा घेत ऐकलं, सवयीनं मनात खुणा करत. 'आपली माती, आपली माणसं, आपला दवाखाना.' तिनाची माळ. मग आवाज खाली. थांबणं. हेही नेहमीचं. मग म्हणाला, "माझी आई रस्त्यात गेली. गावात डॉक्टर नव्हता. ह्या मांडीवर डोकं ठेवलं तिनं आणि..."
बायका रडत होत्या.
आई इथं गेली. बेंगळुरात, याच खोलीत. मांडी माझी होती. अण्णा दुसऱ्या दिवशी पोचला.

१३, शुक्र.
ऑफिसात शेजारी बसणाऱ्या पुण्याच्या रश्मीला नाव न सांगता विचारलं, असं वाक्य आलं तर?
"पर्सनल किस्सा, भावनेला हात. सोपंय यार."
"खोटं असलं तर?"
"ते आपण कुठे बघतो?"
सरी, बरोबरच. नाहीच बघत.

१५, रवि.
अण्णाला फोन. भांडायचं ठरवूनच.
"आई रस्त्यात गेली होय रे?"
"दवाखाना पाहिजे हे तरी खोटं हाय काय?"
नाही. तिकडं डॉक्टर नाही म्हणूनच तर तिला इथं आणलेलं.
"आणि मांडी?"
"इतक्या गावांत सांगितलं, आता मला तसंच दिसतंय बघ. मी नव्हतो हे आठवलं की झोप लागत नाही."
याला कुठली खूण... 'जेवलास का' विचारून फोन ठेवला.

१७, मंगळ.
वहिनी: "शेवटच्या सभेला या वन्सं. स्टेजवर बसायचं, नुसते हात जोडायचे."
म्हटलं, मांडीचं वाक्य काढ म्हणावं त्याला.
"त्या वाक्यालाच तर लोकं हलतात."
थकवा आलाय नुसता.

२०, शुक्र.
तरी निघाले. निपाणीची बस. बसमध्ये बसल्यावर अण्णाचा मेसेज: 'मांडीचं काढतो. खरं कसं झालं ते तूच सांग, माईकवर. सांगशील?'
पुन्हा पुन्हा वाचला. मनापासून विचारतोय, की लोक आणखी रडतील म्हणून? एवढी वर्षं हेच काम करते आणि मला सांगता येईना.
उत्तर दिलेलं नाही. बस सुटली.