लाल डगल्याचे शिपाई

घाटकोपर,
२७ ऑक्टोबर १९८६

प्रिय पद्मजा,

नमस्कार. मावशीकडे रमली असशील. इकडे सगळे बरे आहेत. आईचा गुडघा थंडी पडायच्या आधीच कुरकुरायला लागलाय. तुमच्या घरातला भाजणीचा वास जिन्यापर्यंत येतो. माझं बी.एड.चं कॉलेज दिवाळीसाठी बंद झालं, त्यामुळे दिवसभर घरीच असते. शेजारच्या राजारामचं काम सध्या कांदिवलीलाच चालू आहे, म्हणून हे पत्र त्याच्या हाती पाठवतेय. पोस्टाने उशीर झाला तर उपयोग नाही.

आवारातला किल्ला उभा राहिला. या वेळी बुरूज जरा वाकडाच झालाय, पण हळीव छान उगवलेत. प्रदर्शनासाठी टेबलंही आली. ‘इतिहासातल्या लढाया’ असा मोठा फलक मंडळाच्या भाऊरावांनी स्वतः रंगवलाय. गुरुवारी संध्याकाळपर्यंत सगळी टेबलं मांडून व्हायला हवीत. धनत्रयोदशीला उद्घाटन.

आता पुढचं लिहिते. तुला यातलं बरंचसं ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण मंडळाच्या त्या मीटिंगनंतर मला वाटायला लागलंय की तू विसरली असशील.

बाबांकडे तीन लढाया आहेत. प्रतापगड आणि पानिपत बाहेरच्या खोलीत, काचेच्या कपाटात. येणारा-जाणारा बघतो, “खंडूकाका, झकास” म्हणतो. तिसरी पलंगाखाली, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. ती फक्त एक जानेवारीला बाहेर निघते. बाबा पलंगावर चादर अंथरतात, उशांच्या भिंती करून गाव उभं करतात, एका कडेला स्वतः लेथवर कातलेला लाकडी स्तंभ ठेवतात आणि भीमा-कोरेगाव मांडतात. साकीनाक्याच्या भंगारवाल्यांकडून एकेक करून जमवलेले ते शिशाचे शिपाई, कुणाचा हात डाग देऊन जोडलेला, कुणाची बंदूक तारेची. आमची माणसं कंपनीच्या पलटणीत होती आणि पेशव्यांच्या एवढ्या मोठ्या फौजेसमोर दिवसभर पाण्यावाचून टिकून राहिली. कोरेगावच्या खऱ्या स्तंभावरचं एक नाव आमच्या घराण्यातलं, असं आजोबा सांगत. खरंखोटं मला माहीत नाही.

ते बघायला बिल्डिंगमधलं कुणी येत नसे. तू यायचीस. ढोलवाला कायम तुझ्या मुठीत. “याच्याकडे बंदूक नाही, मग हा पहिला मरणार ना, काका?” असं तू दर वर्षी विचारायचीस. बाबा म्हणायचे, “पद्मा, त्याला मरायला वेळ कुठाय? तो वाजवतोय.”

तेव्हा ते शिपाई निळे होते. निळा आपला रंग, म्हणून बाबांनी सगळ्यांना निळे डगले घातले होते. त्यांतले चार-पाच दिवाळीच्या किल्ल्याच्या दरवाजावर पहाऱ्याला जायचे. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही की हे कोण.

लाल रंगाची गोष्ट माझी. कॉलेजच्या लायब्ररीत त्या पलटणीचं चित्र सापडलं आणि मी घरी येऊन सांगितलं, “बाबा, डगले लाल होते.” बाबांनी पलंगाखालचा डबा ओढला. मग म्हणाले, “एवढी शिकलीस तू. मग असतील लाल.” गणपतीपासून रोज कामावरून आले की खिडकीत बसून एकेक शिपाई रंगवायचे. मंडळाकडे तिसरी लढाई तिच्या नावानिशी मांडायची मागणीही मीच केली. घरात पहिली पदवीधर मी. मला वाटलं होतं, खरं ते नीट मांडलं की माणसं समजून घेतात.

मीटिंगमध्ये तुझ्या पप्पांनी, मधुकाकांनी, डबा उघडला आणि म्हणाले, “अरे खंडू, हे तर इंग्रजांचे शिपाई. आपल्या दिवाळीत हे कशाला?” मी उभी राहून सगळं सांगितलं. मग भाऊराव म्हणाले, “असू देत की. लाल डगलेवाले लागतातच. किल्ल्याच्या पायथ्याशी आडवे घालू. मावळ्यांनी मारायचं तरी कुणाला?” सगळे हसले. बाबाही थोडे हसले, पद्मजा. ते मला अजून दिसतंय.

मधुकाका वाईट नाहीत. आईच्या गुडघ्याचं तेल तेच आणून देतात. काल जिन्यात भेटले तेव्हाही शांतपणेच बोलले. “हे बघ शकु, टेबलाशी माहिती सांगायला मंडळातल्या दोन घरांतले दोघं हवेत, हा नियम सगळ्यांनाच आहे. तुझ्याबरोबर पद्मजा होती, ती तर मावशीकडे गेली. दुसरं कुणी असेल तर आण, मी टेबल देतो.” मी तीन मजले फिरले. सुगंधा म्हणाली, “मला मध्ये नको घेऊ यार, आमचे पप्पा वाट लावतील.” बाकीच्यांनी निदान कारणं तरी चांगली दिली.

आज सकाळी उठले तर बाबा खिडकीत बसलेले. कामावर गेले नव्हते. समोर निळ्या रंगाची डबी, आणि अर्धे शिपाई पुन्हा निळे.

“हे काय करताय?”

“दरवाजावर उभे करू, नेहमीसारखे. निळ्याला कुणी काही बोलत नाही.”

“मग ते कोण आहेत हे कुणाला कळणार?”

“शकु, तू उद्या मास्तरीण होऊन कुठं तरी जाशील. मला आणि तुझ्या आईला याच जिन्यानं चढायचंय.”

आई आतून म्हणाली, “पोरीनं सांगितलं तेव्हा लाल केले, आता त्यांनी डोळे वटारले की निळे. त्या शिपायांना तरी विचारा एकदा.” बाबांचा ब्रश चालूच होता. निळ्याचा एकच हात दिलेला, त्यामुळे तो लालावर जांभळट उमटत होता.

मी डबा ओढून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा बाबांच्या हातातून काही ओढून घेतलं. म्हटलं, गुरुवारपर्यंत थांबा. त्यांनी विचारलं, “गुरुवारी काय होणारे?” त्याचं उत्तर तुझ्याकडे आहे.

त्या दिवशी भाऊरावांचं हसणं थांबल्यावर मधुकाकांनी तुला विचारलं होतं, “पद्मजा, तू यांच्या घरी लहानपणापासून जातेस. हे काय आहे, तुला काही ठाऊक होतं?” तू माझ्याकडे पाहिलंस. मग डब्याकडे पाहिलंस. आणि म्हणालीस, “मला नाही माहीत.” दुसऱ्या दिवशी तू कांदिवलीला गेलीस.

सगळ्यांसमोर पप्पांच्या विरुद्ध जाणं सोपं नव्हतं, हे मला कळतं. पण त्यांनी तुला बाजू घ्यायला सांगितलं नव्हतं गं. फक्त माहीत आहे का, एवढंच विचारलं होतं.

सोबत कागदात गुंडाळून ढोलवाला पाठवतेय. बाबांचा ब्रश त्याच्यापर्यंत पोचला नव्हता, तो लालच आहे. गुरुवारी दुपारी मी टेबल मांडणार आहे, नियम असो वा नसो. उशांची भिंत असेल, स्तंभ असेल आणि उरलेले शिपाई असतील, अर्धे लाल, अर्धे जांभळट निळे. ढोलवाल्याची जागा मोकळी असेल. तू आलीस तर तुझ्या हातानं त्याला तिथं ठेव आणि कुणी विचारलं तर सांग, हे कोण ते. तेवढं झालं की टेबलाला दोघी होतील.

नाही आलीस तर संध्याकाळी बाबा डबा उचलतील आणि मी अडवणार नाही. ढोलवाला मग तूच ठेव, परत पाठवू नकोस.

इतकी वर्षं सुट्टीतल्या प्रत्येक पत्रात तुला नमस्कार लिहीत आले. आजही सवयीनं वर तोच लिहिला. आमच्या घरात जे म्हणतात ते तुला कधी लिहिलं नव्हतं.

जयभीम, पद्मजा.

तुझी,
शकु