दिवसाची लाइन

१८ डिसेंबर
ग्रामसभा झाली. सरकारची योजना: गावच्या ई-क्लास जमिनीवर, म्हणजे सरकारी चराऊ रानावर, सौर प्लेटा बसणार, त्या विजेवर शेतीपंप दिवसा चालणार. मी उपसरपंच, वाचून दाखवलं. सगळे खूश. शेळ्या चारणाऱ्या वच्छलाबाई तेवढ्या उठल्या.
"तुमचे संत्रे जगतीन. माया बकऱ्या कुठी नेऊ?"
तरी ठरावाला हो म्हटलं. गेल्या थंडीत पंपाची लाइन रात्रीच यायची म्हणून आमचे हे मोटर लावायला गेले अन् साप चावला. अमरावतीच्या दवाखान्यातले ते दिवस अजून...

२ ऑगस्ट
तारेचं कुंपण झालं. वच्छलाबाई कळप घेऊन नाल्यापलीकडे जातात. दिसल्या, पण कळप हाकत पुढे गेल्या.

११ ऑक्टोबर
प्लेटा बसल्या. सौर प्रकल्पाच्या साहेबांना विचारलं, शेळ्या आत सोडल्या तर? म्हणाले, वर चढतात, वायर कुरतडतात. मग गवत कापून तरी द्या म्हटलं. ते कबूल. निरोप पाठवला.

१४ ऑक्टोबर
वच्छलाबाईंचं उत्तर आलं: "गवत घेतो. पन पिल्लाइले फिरा लागते."
खरं आहे.

९ जानेवारी
दिवसाची लाइन सुरू. फुलं यावीत म्हणून पाणी बंद ठेवून बागेला दिलेला ताण आजच तोडला. दांडातून पाणी झाडाझाडाला गेलं. उन्हात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. हे बांधावर बसून नुसते पाहत होते. जेवायलाही येईनात. शेवटी डबा घेऊन मीच गेले. दोघं तिथंच जेवलो.

१० जानेवारी
ऊन अंगणात आलं तरी हे झोपलेले. सासूबाई दोनदा डोकावल्या. "बरं नाई काय त्याले?"
"झोपू द्या, आई."
चहा परत गरम केला. किती दिवसांनी मलाही शांत झोप लागली.

१६ फेब्रुवारी
बाग फुलली. वच्छलाबाई स्वतःहून घरी आल्या. चहा घेतला.
"तुमचा मानूस घरी झोपते, बेस झालं. पन कुंपनाच्या भायेरची पट्टी तरी चराईले ठेवा."
त्या पट्टीवर गोदाम बांधायचं सरपंचांच्या मनात आहे. तसं सांगून टाकलं.
"मंग तुमी कोनाकडून?"
म्हटलं, "ग्रामसभेत तुमच्याकडून बोलीन. बाकीच्यांचं नाही सांगू शकत."
"मी येतो ग्रामसभेले," म्हणाल्या. कप विसळून ठेवला अन् गेल्या.