प्रतिक्षाच्या नावाची ताटं

शिरड शहापूर,
२० एप्रिल २०२५

चि. सौ. प्रतिक्षा हिस,

आईचा पोटभर आशीर्वाद. रत्नपालरावांना नमस्कार सांग.

फोन असताना आई पत्र काय लिहीत बसली, असं म्हणशील. फोनवर तुझ्या बाबांचा विषय निघाला की तुझं नेटवर्क जातं. पत्राचं जात नाही. तेव्हा मुकाट्यानं शेवटपर्यंत वाच.

इकडे हळद शिजवून, वाळवून झाली. शाळेत खिचडी शिजवायचं माझं काम चालूच आहे. आणि गावात एक नवीन गोष्ट झालीय, तिच्यात तुझी आई सगळ्यांच्या पुढं आहे. आता लग्न असो की भंडारा, आपल्याकडे थर्माकोलची पत्रावळ दिसत नाही.

शाळेमागच्या मोकळ्या जागेत लग्नाच्या पंगती बसतात, तुला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी वाऱ्यानं सगळ्या उष्ट्या पत्रावळ्या शाळेच्या अंगणात. कुणी तरी ढीग करून पेटवायचं, आणि त्या धुरात मी फोडणी द्यायची. माघात कमलबाईची गाभण गाय मेली. डॉक्टरनं पोट फाडलं तर आत त्याच पत्रावळ्यांचा, प्लास्टिकचा हा एवढा गोळा. कमलबाई तिथंच मातीत बसून रडली. शाळेतली पोरं भोवती उभी होती.

सोमेश्वर सरांनी पोरांना विचारलं, आता काय करायचं? पोरांनीच तोड काढली. घरोघरी माळ्यावर पडून असलेली ताटं-वाट्या शाळेत जमवायची, ज्याच्या घरी कार्य असेल त्यानं न्यायची. आणि नियम असा, की जो जेवेल त्यानं आपलं ताट स्वतः धुवायचं. मी म्हटलं, सर, भांडी मी जमवते. आणि जमवली गं! पद्माबाई एक परात द्यायला आढेवेढे घेत होती. तिच्या ओसरीवर मी अशी ठाण मांडून बसले की शेवटी तिनं दोन दिल्या.

आपल्या घरून काय दिलं ते लिहायचं टाळत होते. लिहिते.

तुझी ताटं दिली. तुझ्या बाबांनी ठरवलेल्या लग्नाची, जे झालंच नाही. तू रत्नपालरावांशी कोर्टात लग्न केलंस तेव्हापासून ती पोत्यात बांधून माळ्यावर पडली होती. प्रत्येक ताटावर नाव घातलेलं, 'उकंडराव यांजकडून चि. सौ. कां. प्रतिक्षा हिस सप्रेम'. हिंगोलीच्या दुकानात ते स्वतः उभे राहिले होते, आठवतं? "अक्षर बराबर आलं पाहिजे" म्हणून त्या नाव घालणाऱ्याला नुसता पिडला होता.

पोतं खाली उतरवलं तेव्हा ते ओसरीवरच होते.

"काहून काढलं ते?"

"पंगतीला लागतात."

पोत्याची गाठ चाचपून बघितली. मग म्हणाले, "नाव घासून आण मंग."

मी 'बरं' म्हटलं आणि पोतं सरळ शाळेत नेलं. लेकीचं नाव मिटवून आणायला मी काय वेडी आहे?

हनुमान जयंतीच्या भंडाऱ्याला ताटं पहिल्यांदा निघाली. पंगतीतली निम्मी ताटं तुझ्याच नावाची. मग तुझ्या बाबांच्या पुढ्यात दुसरं कोणतं येणार? कमलबाईची नात राणी भात वाढत होती. ती नुकतीच वाचायला शिकलीय, दिसेल ते मोठ्यानं वाचते. तिनं ताटावरचं सगळं वाचलं आणि विचारलं, "आजोबा, ही प्रतिक्षा कोण हाय?"

अख्ख्या ओळीचे हात थांबले. त्यांच्यापुढं तुझं नाव कुणी काढत नाही, हे गावाला माहीत आहे. मी वरणाची बादली घेऊन तिथंच उभी होते. खरं सांगते, तेवढा एक क्षण मी घाबरले.

"माही लेक हाय," ते म्हणाले. "वाढ."

जेवण झाल्यावर ताट घेऊन नळावर गेले. जन्मात कधी स्वतःचं ताट उचललं नाही या माणसानं! राखेनं घासत बसले. नाव होतं तिथं जरा जास्तच घासलं. मी जाऊन बघितलं, नाव जागच्या जागी होतं.

मी खोटं लिहिणार नाही. 'तिला बोलव' असं ते म्हणाले नाहीत. ते म्हणतील म्हणून वाट बघायचा मला आता कंटाळा आलाय. बोलावणं मी करते, घर माझंही आहे. तुझा राग मला कळतो, पण माझा जीव तुझ्यासाठी तुटतो, तेही तुला कळू दे. उन्हाळ्यात ये, रत्नपालरावांना घेऊन ये. शाळेतून तुझीच ताटं आणून दोघांना वाढीन. धुवायची मात्र तुमची तुम्ही.

आणि हो, पाकीट फेकलं नसशील तर पुन्हा बघ. पत्र लिहायला घेतलं तेव्हाच कोरं पाकीट मी तुझ्या बाबांपुढं ठेवलं होतं. म्हटलं, "माझं अक्षर कच्चं, पत्ता तुमी घाला." मी पत्ता सांगायला लागले तर म्हणाले, "ठाव हाय मला." घर नंबर, गल्ली, पिनकोड, एका दमात लिहिलं. कधी पाठ केला, मी विचारलं नाही. वरती 'सौ. प्रतिक्षा रत्नपाल' हेही त्यांनीच लिहिलंय.

अक्षर बराबर आलंय.

तुमच्या दोघांची वाट बघणारी,
तुझी आई
द्वारकाबाई