हिर्डोशीच्या वाटेसाठी मोठे टायर

आप्पा, आज माझ्या नातवाने त्याच्या जुन्या जीपला मोठे टायर बसवून घेतले आणि मला दाखवायला दारात आणली. मी खाली वाकून आधी दोन चाकांमधला, आसावरचा लोखंडी गोळा जमिनीपासून किती उंच आहे ते पाहिलं. तो हसला. आजीला हे कुठलं कळतं, म्हणाला. तेव्हा तुम्हाला लिहावंसं वाटलं.

एकोणीसशे पन्नास साल उलटून तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. मी भोरच्या दवाखान्यात नर्स होते आणि लष्कराच्या लिलावातून आलेली जुनी जीप दवाखान्याच्या दिमतीला होती. त्या पावसाळ्यात हिर्डोशीच्या वरच्या धनगरवाड्यावर एक बाई अडली होती. भातखाचरांमधल्या वाटेवर जीप रुतली, आम्ही उरलेलं अंतर चालत गेलो आणि उशीर झाला. बाई वाचली, मूल गेलं. घरी येऊन मी जेवले नाही. तुम्ही ते पाहिलंत. सकाळी दवाखान्यात आलात, पोतं अंथरून जीपखाली शिरलात आणि मला बोलावून गोळ्यावरचे ओरखडे दाखवलेत. "चिखलानं न्हाई अडवलं. हा गोळा टेकला, मग चाकं जागच्या जागी फिरली. गाडी चार बोटं उचलली तर जाईल." लढाईच्या काळात वर्कशॉपात काम केलेला माणूस दुःखाकडेही असंच खालून बघतो, असं तेव्हा मनात आलं. रागही आला थोडा.

मोठ्या टायरांच्या खर्चाला डॉक्टरांना तयार करायला तुम्हाला महिना लागला. मग पुण्याहून पाच टायर आले, त्याच रिमवर बसणारे पण उंच, रुंद आणि खोल नक्षीचे. तुम्ही ते लोखंडी पट्ट्यांनी रिमवर चढवताय आणि मी पंप मारतेय, हे अजून दिसतं. सगळं बसल्यावर तुम्ही मला स्टिअरिंग पूर्ण वळवायला लावलंत. टायर आतल्या स्प्रिंगच्या पाट्यांना घासला. तेव्हा चाकाचं वळणं आवरणारा बोल्ट तुम्ही थोडा बाहेर काढलात. घासणं थांबलं, पण गाडी आता पहिल्याइतकी वळेना. अशी गाडी अवघड वळणावर एका दमात बसणार नाही, असं मी म्हटलं.

"मग दोन दमात बसव. मागं घ्यायला लाज कसली?"

बसव म्हणालात, तेव्हा माझ्या लक्षात आलं की गाडी मी चालवायची आहे. दवाखान्याचा ड्रायव्हर सारखा आजारी असायचा आणि तुम्हाला चष्मा लावूनही लांबचं दिसेनासं झालं होतं. नीरेच्या काठच्या माळावर तुम्ही मला शिकवलंत. एकदा उगाच इंजिन गुरगुरवलं तर सगळ्यांसमोर गाडीतून उतरवून म्हणालात, "यंत्रावर वरडायचं न्हाई. त्याला काम सांगायचं." त्या दिवशी मी घरापर्यंत चालत आले. पण परवाना मिळाला तेव्हा पेढे तुम्हीच वाटलेत.

पुढच्या श्रावणात त्याच वाड्यावरचा एक माणूस दुपारी धापा टाकत आला. त्याच बाईला पुन्हा कळा लागल्या होत्या. आपण दोघं निघालो, त्याला मागे बसवून. चढावरच्या वळणावर गाडी एका दमात बसली नाही. मी थांबले, मागे घेतली, पुन्हा पुढे काढली. तुम्ही बाहेर बघत होतात, जणू रोजचंच आहे. खाचरांपाशी चिखल चाकाच्या निम्म्यापर्यंत आला. गाडी डुलली, सरकली, पण टेकली नाही. पलीकडे निघालो तेव्हा मागचा माणूस एवढंच म्हणाला, "आली की."

मुलगी झाली. लगेच रडली. मी हात धुऊन बाहेर आले तर तुम्ही मेंढरांभोवतीच्या जाळीपाशी, वाघुरीपाशी बसून त्या घरच्या म्हातारीशी लोकरीच्या गोष्टी करत होतात. मुलगी झाली हे तिला सांगितलं, तर तिने तुम्हाला विचारलं, "गाडी चालवती ती तुमचीच का?" तुम्ही व्हय म्हणालात आणि चहाची बशी तोंडाला लावलीत. ते एक व्हय मला अजून पुरतं.

त्यानंतर सहा वर्षं मी ती जीप वेल्ह्यापर्यंत हाकली. तुमचं काम चोख होतं, आप्पा, पण एक गोष्ट राहिली. दर रविवारी तुम्ही विचारायचात, मोठ्या टायरांनी स्टिअरिंग जड तर झालं नाही ना, आणि मी नाही म्हणायचे. लई जड झालं होतं. तुम्ही बाहेर पडलात की मी आईकडून खांद्यांना तेल चोळून घ्यायचे. तुम्हाला सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. तुमच्यामागून तीही गेली. हा कागद कुठे पाठवायचा नाहीच, म्हणून लिहून टाकलं.