शिबिरात स्वयंपाक कोण करतं?

विश्रामबाग, सांगली
१२ मे १९९५

प्रिय आक्काताई,

जयभीम.

"निले, कुनी काय बोललं तर सांग, माझी आक्का हाय वाईला, आन् ती लय वंगाळ बाई हाय." साताऱ्याच्या वसतिगृहाच्या दारात तू मला हे सांगितलं होतंस. मी दहा वर्षांची होते आणि माझी ट्रंक तुझ्या डोक्यावर होती. आज सकाळपासून ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून पत्राला बसले.

तुझी कंबर आता कशी आहे? मिलिंदचं सायकलचं दुकान चालतंय ना? आम्ही इकडे ठीक आहोत. उकाडा फार आहे. प्रशांतची बँक सकाळची नसल्यामुळे तो भर उन्हात जातो आणि घरी आल्यावर कुणाशी बोलत नाही. माझे पेपर तपासून झाले. स्वप्ना सातवी पास झाली. मराठीत वर्गात पहिली आली.

हे पत्र मिलिंदकडून वाचून घेऊ नकोस. तू स्वतः वाच, वेळ लागला तरी लागू दे.

यंदा आमच्या कॉलनीत मुलांना उन्हाळी शिबिराला पाठवायचं वेड शिरलंय. एकीने काढलं की मग सगळ्यांनाच हवं. समोरच्या बंगल्यातल्या शिवांजलीच्या गच्चीवर आम्हा आयांच्या बैठका झाल्या. तिचा नवरा साखर कारखान्यात अधिकारी आहे, त्यामुळे शेवटचा शब्द तिचा. कैरीचं पन्हं पीत पीत आम्ही शिबिरं निवडत होतो. मला वाटलं होतं, बायका विचारतील की पोहायला कोण शिकवतं, आजारी पडलं तर डॉक्टर आहे का. तेही विचारलं म्हणा. पण सगळ्यांत आधी विचारलं जायचं ते, "मुलं कुठली कुठली येतात?" एका शिबिरात नगरपालिकेच्या शाळेतली काही मुलं फुकट घेतात असं कळलं, आणि ते गळालं. कारण कुणी सांगितलं नाही. "तिथं जरा मिसळ होते" एवढंच शिवांजली म्हणाली, बाकीच्या हसल्या. मीही हसले. हसताना माझ्या तोंडाची चव गेली, पण हसले.

शेवटी पाचगणीचं ठरलं. ठरलं म्हणजे आधी बघून यायचं ठरलं. मुलगी द्यायच्या आधी स्थळ बघायला जावं तशा आम्ही जीप करून निघालो. शिवांजलीच्या सासूबाई शालूबाईही आल्या. दोन्ही नातू जाणार होते ना.

तिथलं तुला मी काय सांगणार? तू तिथेच होतीस.

तरी सांगते, कारण तू चुलीपाशी होतीस आणि मी त्यांच्यात होते. तुला पाचगणीकडे शिबिरात हंगामाचं काम मिळालंय हे मला मिलिंदच्या पत्रातून कळलं होतं. कुठल्या शिबिरात, ते मी मुद्दाम विचारलं नव्हतं. तू पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आलीस. मला बघितलंस, मग शिवांजलीकडे, तिच्या सोन्याच्या घड्याळाकडे बघितलंस, आणि मला म्हणालीस, "पानी घ्या, बाई." जन्मात तू मला बाई म्हटलं नव्हतंस. मी पाणी घेतलं आणि तुला "थँक्यू" म्हणाले. इंग्रजीत.

आमच्या बायकांनी गाद्या दाबून बघितल्या, उशांचा वास घेतला. संडासात डोकावून नाक मुरडलं. मग जेवायला बसलो. तुझं भरलं वांगं, भाकरी, खर्डा. शिवांजली घरी पोळीचे चार घास खाते, ती तिथे भाकरीमागून भाकरी मागत होती. म्हणाली, असा खर्डा आमच्या माहेरीसुद्धा होत नाही, बाईंना विचारून घ्यायला हवं. ते विचारायला म्हणून शालूबाई आत गेल्या.

तू कुठली? वाईची. वाईत कुठे राहता? "बुद्धविहाराच्या मागं ऱ्हातो आमी." मला बाहेर ऐकू आलं. तू नेहमीच्या आवाजात सांगितलंस. कुणी पत्ता विचारल्यावर माणूस सांगतो, तसंच.

शालूबाई बाहेर आल्या आणि सुनेच्या कानाशी लागल्या. आक्का, मी त्यानंतर जे बघितलं ते मला अजून डोळ्यांपुढून काढता येत नाही. शिवांजली उठली, नळाशी गेली आणि चूळ भरली. परत भरली. बोट घालून दात घासले, परत भरली. दोन मिनिटांपूर्वी मिटक्या मारत खाल्लेलं जेवण ती नळाच्या मोरीत खाकरून थुंकत होती, आणि परत येऊन पदराने तोंड पुसत म्हणाली, "तिखट फार होतं हो." मग पर्समधून बडीशेप काढून सगळ्यांना वाटली. मला पण दिली. मी ती खाल्ली.

मग जीपच्या सावलीत खलबत झालं. कुणी म्हणून तो शब्द उच्चारला नाही. आमचं काही नाही हो, आम्ही मानत नाही, पण सासऱ्यांना कळलं तर. मुलं लहान आहेत, पाणी बदलतं, बाधतं. बाकी शिबिर चांगलंच आहे. त्या इतक्या मऊ आवाजात बोलत होत्या की घाण वाटावी. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. नंतर त्या वीरधवल सरांना, शिबिर चालवणाऱ्या त्या तरुण माणसाला, सांगण्यात आलं की स्वयंपाकाची दुसरी व्यवस्था करावी.

"सांगण्यात आलं." कॉलेजात मी मुलांच्या निबंधांतली असली वाक्यं लाल शाईने खोडते. नीट लिहिते.

मी सांगितलं, आक्का.

त्यांनीच मला पुढे केलं. "नीलिमाताई, तुमचं बोलणं गोड. मराठी शिकवता तुम्ही. कुणाचं मन न दुखवता तुम्हीच सांगाल." त्यांना माहीत नाही ना. माझ्या सासऱ्यांनी आडनाव बदलून गावावरून बोरगावकर लावलं. त्या आडनावावरून आणि माझ्या बोलण्यावरून कॉलनीने आपलं ठरवून टाकलं की आम्ही कोण. कुणी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. बाबासाहेबांची तसबीर आतल्या खोलीत आहे. बाहेरच्या खोलीत सूर्यफुलांचं चित्र आहे. तू आमच्याकडे आलीस तेव्हा ते बघून काही बोलली नव्हतीस.

मी वीरधवलला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "मुलांच्या घरच्या सवयींचा विचार करून स्वयंपाकाची व्यवस्था बदलता आली, तर पालक निर्धास्त होतील." आक्का, किती स्वच्छ वाक्य. त्यात कुठे तू नाहीस. त्याला लगेच कळलं. म्हणाला, "समजलं मॅडम. त्या बाईंना भांड्यांना ठेवू, की तेही नको?"

मी काहीच बोलले नाही. गप्प राहिलं म्हणजे काय, ते त्यालाही कळलं.

आणि निघताना तू जीपपाशी आलीस. तुला अजून काही ठाऊक नव्हतं. सगळ्यांदेखत मला परक्यासारखं विचारलंस, "आवं बाई, तुमच्या पोरीला झोपताना उशी धरायला लागती का? न्हाई, काय काय पोरींना लागती. आमी बगून ठिवू." तुला माहीत होतं की लागते. माझी फजिती न करता तू मला एवढंच सांगत होतीस, की तिच्याकडे मी बघेन. मी "हो" म्हणाले आणि काच वर केली.

चार दिवसांनी मिलिंदचा प्रशांतला बँकेत फोन आला, आईचं काम गेलं म्हणून. का गेलं ते त्याला कळलंय, कुणी सांगितलं ते कळलेलं नाही. त्याने मलाच निरोप ठेवला होता: मावशीला म्हणावं, तुमच्या ओळखीचं कुणी असेल तर त्या वीरधवलशी बोला. प्रशांतने निरोप सांगितला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग मी त्याला सगळं सांगितलं. तो उठून बाहेर गेला. तेव्हापासून तो बोलत नाही, उन्हाचं काही कारण नाही.

आता स्वप्नाचं सांगते. ती कधी एकटी बाहेर झोपलेली नाही, तुला ठाऊक आहे. तरी शिबिराचं नाव काढल्यापासून उड्या मारत होती. मला नवल वाटत होतं. परवा तिची बॅग भरताना म्हटलं, रात्री घाबरणार नाहीस ना? तर म्हणाली, "तिथं आक्कामावशी आहे ना, मग कशाला घाबरू? मिलिंददादाने मला केव्हाच सांगितलंय. म्हणून तर मी हेच म्हणत होते." आम्ही इतक्या जणी इतक्या बैठका करून शिबिर निवडत होतो, आणि तिचं कधीच निवडून झालं होतं. स्वयंपाक कोण करतं एवढ्याच एका गोष्टीवर.

तू तिथे नाहीस म्हटल्यावर तिने बॅगेतले कपडे काढून परत कपाटात ठेवले. का नाही, हे विचारलं. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

काल शिवांजली चौकशीला आली, स्वप्ना का नाही जात. मी तिला सांगितलं, त्या स्वयंपाकाच्या बाई माझी चुलत बहीण. ती सोफ्यावरच होती. तिने पदर सावरला. मग हसली आणि म्हणाली, "अय्या, तुमच्याकडे बघून वाटत नाही हो." चहा तसाच ठेवून गेली. तिचा राग आला, हे लिहायला सोपं आहे. खरं ते लिहिते. "वाटत नाही" म्हटल्यावर मला क्षणभर बरं वाटलं. कुणी पाठीवर थाप मारावी तसं. त्या चुळीपेक्षा मला त्या बरं वाटण्याची जास्त किळस आली. कप मी दोनदा घासला. का घासला, ते मला माहीत नाही.

कामाचं मी वीरधवलशी बोलले. तो म्हणाला, आता पालकांना शब्द दिलाय. मीच दिलेले शब्द तो मला परत ऐकवत होता. तेव्हा तुझं काम मी परत आणू शकले, असं लिहिता येत नाही. माफीचंही लिहीत नाही. तू देशील की नाही हा प्रश्न नाही, मागायला मी कुठल्या तोंडाने येऊ?

एकच मागते. शिबिराचे हे दहा दिवस स्वप्नाला तुझ्याकडे वाईला ठेवून घे. तिला तुझ्या शेजारी झोपू दे. तिला भाकरी थापायला लाव, बुद्धविहारात ने, पोरांत खेळू दे. आणि ती विचारेल तेव्हा तिच्या आईने काय केलं ते तूच सांग. माझ्या तोंडून त्याचं पुन्हा एक स्वच्छ वाक्य होईल. प्रशांत तिला घेऊन येईल, मी येणार नाही. मिलिंदला कळलं की तो दारातूनच परत पाठवेल, आणि तूही नाहीच म्हणशील. मी तुझ्या जागी असते तर पत्र इथपर्यंत वाचलंही नसतं.

तरी मागते. मला उंबऱ्याच्या आत घेऊ नकोस. तिला घे.

स्वप्नाची आई,
नीलिमा