वेल वांझ नाय

आई, यंदा भात निघाल्यावर विहिरीजवळच्या तुकड्यात आम्ही झुकिनी लावली. तू ही भाजी पाहिली नाहीस. दिसायला काकडी, जात भोपळ्याची. पण वेल पसरत नाही, झुडपासारखी एका जागी बसते. धसईच्या बाजारात आता मागतात. कोवळीच तोडावी लागते, एखादा दिवस जास्त राहिली की फुगते. मी ती तुझ्या दुधीसारखीच करते, भिजवलेली चणाडाळ आणि ठेचलेला लसूण घालून; पाणी मात्र घालत नाही, तिचं तिलाच सुटतं.

मागच्या आठवड्यात बोटाएवढी फळं पिवळी पडून गळायला लागली. औषध आणायला हे निघाले होते. मी थांबवलं. सकाळी फुलं उमलल्यावर नराचं फूल तोडलं, पाकळ्या काढल्या आणि मादीच्या फुलांना लावत गेले. तुझंच शिकवलेलं.

त्या वेळी माझ्या लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं. सासूबाई शेजारणींसमोर मला वांझ म्हणाल्या, तेव्हा पिशवी उचलून मी शहापूरला तुझ्याकडे आले. दुसऱ्या सकाळी तू मला घरामागच्या परड्यात नेलंस. भोपळ्याची पिटुकली फळं गळत होती आणि काकू म्हणत होती, वेल उपटून टाक. तू खाली बसून फुलाला फूल लावलंस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "वेल वांझ नाय गो. काम दोघांचा हाय, एकट्या वेलीला कशाला बोलायचा?"

त्याच दिवशी तू एसटीने माझ्या सासरी गेलीस. तपासायचं तर दोघांना तपासा, नाहीतर मुलगी माझ्याकडेच राहील, असं ओटीवर बसून सांगून आलीस. मला न विचारता गेलीस म्हणून मी चिडले. तू भाकऱ्या थापत राहिलीस. "तू बोलायला गेली नसतीस," एवढंच म्हणालीस.

मग हे आले, आम्ही कल्याणच्या डॉक्टरांकडे गेलो. दोष ह्यांच्यात निघाला. औषधांचा गुण आला नाही, मूल झालं नाही. पण ह्यांनी आपल्या आईला, भावांना समोर बसवून स्वतःच सांगितलं. तो शब्द आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

हे लिहिलेलं ह्यांना वाचून दाखवावं असं मनात होतं. नको. कल्याणहून परतताना हे खिडकीकडे तोंड करून रडत होते आणि मी झोपेचं सोंग घेतलं होतं. ते मी तुलाही सांगितलं नव्हतं.