नुसता चिखल

पाणखार, ता. उरण
१२ फेब्रुवारी २०२५

प्रणयदादा,

नमस्कार. तू, वहिनी आणि छोटी मजेत असाल. आम्ही इथे बरे आहोत. थंडी सरत आली, वालाच्या शेंगा भरल्यात, आईचा गुडघा होता तसाच आहे. पत्रात आधी लिहायचं ते लिहून झालं. आता कामाचं.

रविवारी अल्पेश घरी आला होता. आपला चुलतभाऊ म्हणून चहा दिला. तो ओट्यावर बसला, चहा बशीत ओतला आणि म्हणाला, "जागू, दादाचा निरोप हाय. तुझ्या हातानं दोन ओळी लिहून दे. सभेत मी रागाच्या भरात बोलले, आणि आमचं नातं लांबचं हाय. बस, एवढंच."

सख्खा भाऊ लांबचा कसा होतो, असं मी विचारलं.

"कागदावर होतो गं. कागदावर काय पन होतं."

खाडीवरच्या भरावाच्या पाहणीला तज्ज्ञ माणूस बाहेरचा हवा, गावाशी संबंध नसलेला हवा, आणि आपण तसेच आहोत असं तू कंपनीला सांगितलं होतंस, हे त्याच्याच तोंडून कळलं. त्याला वाईट वाटत नव्हतं. भरावाची माती वाहायचं काम त्याच्या डंपरना मिळणार होतं, ते हातचं जातंय, याचंच काय ते दुःख. त्याला मी दोष देत नाही. अल्पेश लहानपणापासून अल्पेशच आहे.

तू दोन ओळी मागितल्यास. मला जे म्हणायचंय ते दोन ओळींत मावत नाही, म्हणून हे घे.

आठवतं का, असं मी विचारणार नाही. तुला आठवतं. माझी तक्रार तीच आहे. ज्याला माहीत नाही त्यानं आपल्या खाडीला चिखल म्हटलं तर मी हसते आणि सोडून देते. त्या दिवशी कंपनीचा तो टायवाला सारखे बूट पुसत होता, त्याचा मला राग आला नाही. पण तू? उघाडीच्या कट्ट्यावर, जिथून भरतीचं पाणी बांधाच्या आत येतं, तिथं मला पोटावर झोपवून, चिखलात चालणाऱ्या माशाकडे बोट दाखवत तूच म्हणालास, "हलू नको. आता बघ, निवटी डोळा मिटते. मिटते म्हणजे काय करते? डोळा आत ओढून घेते. खोबणीत पाणी असतं, त्यात बुडवून काढते." मी इतकी हसले की कट्ट्यावरून खाली पडले आणि आईनं दोघांनाही बडवलं. तिवराचं पान चाटायला लावून "झाड घामाघूम झालंय, मीठ बाहेर टाकतंय" असं सांगणारा कोण होता? मी शाळेत बाईंना ते सांगितलं तर बाई म्हणाल्या, थापा मारू नको. घरी येऊन रडले. दुसऱ्या दिवशी तू तिवराची डहाळी घेऊन माझ्या वर्गात आलास आणि बाईंना पान चाटायला दिलंस. त्या प्रणयला मी ओळखते. म्हणून या प्रणयचा राग येतो.

आणि हेही लिहून ठेवते, तुझे सगळे व्हिडिओ मी बघितलेत. सगळे. 'नमस्कार बालदोस्तांनो, आज ऐका निसर्गाची एक गंमत.' ऑक्टोपसला तीन हृदयं. गिधाड स्वतःच्या पायावर लघवी करून पाय थंड ठेवतं. मी कामाला जाते त्या कंटेनर यार्डात जेवणाच्या सुट्टीत बायकांना दाखवायचे, म्हणायचे, हा माझा भाऊ. लाखो मुलं तुझं ऐकतात. त्यांच्यासमोर खोटं बोलत नाहीस. गावासमोर बोललास.

त्या बुधवारी शाळेच्या पटांगणात मांडव पडला. पाणथळीवर भराव टाकून कंटेनरचं यार्ड करायचं की नाही, यावर गावाचं म्हणणं ऐकायला जिल्ह्याचे साहेब येणार होते. तू फोनवर नुसतं म्हणाला होतास, बुधवारी गावात काम आहे, जेवायला थांबता येतं का बघतो. आईनं त्याचा अर्थ तिच्या मनासारखा लावला. मीही लावला, खोटं कशाला बोलू? आईनं सकाळीच निवट्यांचं कालवण केलं, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, टोपावर ताट झाकलं. छोटीच्या बारशाला तू घेतलेली मोरपंखी साडी नेसली. तिच्याबरोबर खाडीत जाणाऱ्या केसरमावशीला बांधावरून हाक मारून सांगितलं, "आज माजा पोर बोलनार हाय. आता कोनाची हिंमत हाय भराव टाकाची!"

पहिल्या रांगेत बसली ती. तुझी गाडी आली, तू उतरलास आणि कंपनीच्या माणसांबरोबर स्टेजवर चढलास. आई म्हणाली, "वर बसवलान त्याला. मान देतात."

मग तुझं नाव पुकारलं. तू काय बोललास ते माझ्या कानात अजून आहे. "या जागेवर संवर्धनाच्या दृष्टीनं दखल घ्यावी असं काही आढळलं नाही. भरतीचं पाणी येतं-जातं. बाकी नुसता चिखल आहे." फ्लेमिंगोंचा थवा तेव्हा शाळेमागच्या पाण्यात चरत होता. आम्हाला सगळ्यांना दिसत होता. तुझी पाठ होती त्यांच्याकडे, म्हणून तुझं बरोबर असेल.

त्यानंतर आई उठली. आईचं नंतर लिहिते.

त्यानंतर मी उठले. मला सभेत बोलायची सवय नाही. गेटवर ट्रकचे नंबर कॉम्प्युटरवर चढवणारी बाई मी, दिवसभर कुणाशी चार शब्द बोलत नाही. माईक हातात घेतला तर तो किंचाळला, पुढचं काही सुचेना. मग जे पाठ होतं ते बोलले. तुझंच.

मी म्हटलं, साहेब, या चिखलात एक मासा आहे, निवटी, तो पाण्याबाहेर चालतो, डोळा मिटताना आत ओढून घेतो. कातडीनं श्वास घेतो, कातडी ओली असेल तोवरच. म्हणून त्याला चिखल लागतो, माती चालत नाही. त्या जातीतला बाप बिळात अंडी सांभाळतो. बिळातल्या पाण्यात हवा नसते, म्हणून वर येऊन तोंडात हवा भरून घेतो, खाली नेऊन सोडतो, पुन्हा वर येतो. पिल्लं निघायची वेळ झाली की तीच हवा तोंडानं बाहेर काढतो, मग पाणी आत शिरतं आणि पिल्लं सुटतात. मी म्हटलं, तिकडे गुलाबी पक्षी दिसतात ते डोकं उलटं करून जेवतात. जन्मतः गुलाबी नसतात, खातात त्यातून रंग येतो. पिल्लाला नर आणि मादी दोघंही गळ्यातून लाल दुधासारखं काही पाजतात, आणि पाजता पाजता स्वतः फिके पडतात.

लोक आधी हसले. मग मागून कुणीतरी म्हणालं, "बोल, जागू." तेवढ्यात अल्पेशनं माईकची वायर ओढली. ओढली तर ओढली. खाडीच्या या काठावरून त्या काठाला हाका मारत वाढलेय मी, मला माईक कशाला लागतो?

साहेबांनी विचारलं, "बाई, ही माहिती तुम्हाला कुणी दिली?"

"तुमच्या शेजारी बसलेत ना, त्या साहेबांनी," मी म्हटलं. "ते माझे सख्खे भाऊ. याच गावचे. आणि मघाशी त्यांनी जिला खाली बसवलं, ती त्यांची आई."

दादा, सगळा मांडव तुझ्याकडे बघत होता. साहेबांनी तुला विचारलं, हे खरं आहे का? तेव्हा तू नाही म्हणू शकला असतास. म्हणाला नाहीस. नुसता पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत बसलास. तुझ्या बाजूनं लिहिण्यासारखं एवढं एकच आहे, म्हणून लिहिलं.

तुझ्याच एका व्हिडिओतली गंमत सांगू? एक नांगी मोठी असलेला तो खेकडा. नांगी तुटली तर त्याला नवी येते. दिसायला तेवढीच मोठी, पण आतून हलकी, जोर नसलेली. तरी तो ती हलवत उभा राहतो आणि बाकीचे खेकडे घाबरतात. कोट घालून तू स्टेजवर उभा होतास तेव्हा मला तोच दिसत होता.

हे लिहून मला बरं वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं.

आता आईचं.

ती उठली तेव्हा हसत होती. तिला वाटलं, तू चुकून बोललास, ती आठवण करून देईल आणि तू सुधारून घेशील. लहानपणी पाढे म्हणताना चुकायचास तेव्हा करायची तसं. हात वर करून म्हणाली, "अरं पोरा, चिखलान काय नाय कसा? निवटी चिखलान नाय रानार त काय बंगल्यान रानार?" माणसं हसली. चांगलं हसली, तिच्या बाजूनं. तू तिच्याकडे बघितलंस. नीट बघितलंस, मी तुझ्याकडेच बघत होते. आणि माईकमध्ये म्हणालास, "आजी, तुम्ही खाली बसा. तुमचा मुद्दा नोंदवून घेतलाय."

आजी.

तुम्ही.

ती लगेच बसली नाही. तिला कळलंच नाही कुणाला म्हणतोयस. मागे वळून बघितलं, मागे कुणी म्हातारी उभी आहे का ते. केसरमावशीनं पदर ओढून तिला खाली बसवलं.

लिहिलं बाबा. आठ दिवस हे लिहायचं टाळत होते. अल्पेशला वाटतं मी भरावावरून चिडलेय. तुलाही तसंच वाटत असेल. भरावावर मी भांडले असते, नंतर तुझ्याशी बोललेही असते. घराचे हप्ते असतील, छोटीची शाळा असेल, माणसाला अडचणी असतात. तू चिखलाला चिखल म्हणालास ते एक वेळ पोटात घालीन. हे नाही घालणार.

पुढची बातमी तुला कळली असेलच, तरी सांगते. साहेब शुक्रवारी ओहोटीला स्वतः आले. बांधावरून चालले, एका जागी पाय गुडघ्यापर्यंत रुतला, बूट आतच राहिला. गावातल्या पोरांनी तो काढून दिला. त्यांच्या पॅन्टवर एक निवटी उडी मारून बसली तर कितीतरी वेळ तसेच उभे राहिले, हलले नाहीत. म्हणाले, "खरंच डोळा आत ओढते हो." जाताना सांगून गेले की आधीचं सगळं रद्द, दुसरी माणसं येऊन वर्षभर, सगळ्या ऋतूंत बघतील, मगच पुढचं. आम्ही जिंकलो असं समजू नको. कंपनी कुठे जात नाही. वर्षानंतर दुसरा कोट येईल. पण उघाडी अजून उघडी आहे, पाणी आत येतंय.

मला यार्डातून निरोप आलाय, सध्या कामावर येऊ नका. ते मी बघून घेईन. तू त्यात पडू नको.

आई त्या दिवसापासून खाडीत गेलेली नाही. गुडघा दुखतो म्हणते. गुडघा दहा वर्षं दुखतोय. केसरमावशी रोज ओहोटीला दारात येऊन हाक मारते आणि एकटीच जाते. गावात कुणी विषय काढला तर आई म्हणते, "समोर ऊन व्हतं. उनान डोलं दिपतांन. त्याला दिसली नसन मी." मांडवाला छत होतं, दादा. ऊन तिच्या पाठीमागेसुद्धा नव्हतं. मी एकदा तसं म्हटलं तर माझ्यावरच ओरडली, "तुना काय कलतं? तू गप गं."

तुझ्या दोन ओळी मी देणार नाही. नातं लांबचं आहे असंही लिहिणार नाही आणि जवळचं आहे असंही नाही. ते तुझं तू ठरव, आणि ठरवशील ते तिच्यासमोर उभं राहून सांग, फोनवर नको, अल्पेशकडून नको. माझ्याकडे माफी मागू नको. मला ती नको आहे, आणि मी देणारही नाही.

मी लिहायला बसले तेव्हापासून आई दारात वाल सोलत बसलीय. तुला लिहितेय हे तिनं ओळखलं. आत्ता म्हणाली, "त्याला लिव, मी रागावलेली नाय."

मी ते लिहिणार नाही. ती रागावली आहे. तिला अजून कळलेलं नाही, एवढंच. कळायच्या आत ये.

जागृती